कानशिलावरची चिवचिव

सांगलीच्या विश्रामबागेत कुणाकडे पाळणा हलला की आठवड्याच्या आत अलकामावशीला बोलावणं यायचंच. तीस वर्षांहून जास्त काळ ती बाळंतिणींना मालिश करत आली होती. २०४३ साल उजाडलं, रिक्षा ड्रायव्हरशिवाय धावू लागल्या, तरी बाळंतिणीच्या अंगाला हात माणसाचाच लागायचा. मालिशची यंत्रं निघाली नव्हती असं नाही. एक तर वैशाली सबनिसांनी हौसेनं आणलंसुद्धा. त्यानं त्यांच्या लेकीच्या कमरेला असा चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी ते माळ्यावर गेलं आणि मावशीला फोन आला.

वैशालीवहिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. शर्वरी त्यांची एकुलती एक. तीस वर्षांपूर्वी ह्याच शर्वरीला मावशीनं पायांवर पालथं घालून न्हाऊ घातलं होतं, त्यामुळे तिला ताईबिई म्हणायचा प्रश्नच नव्हता. मावशीच्या तोंडी ती ‘पोरी’ होती, आणि आता त्या पोरीलाच मुलगी झाली होती. मुलगी गोरीगोमटी, पण भारीच रडकी. जन्मल्यापासून तिनं सलग तासभर कुणाला स्वस्थ बसू दिलं नव्हतं.

बाराव्या दिवशी मावशी तेल घेऊन गेली, तर बाज रिकामी.

“पोर कुठं गेली?”

“‘नवतनू’ दवाखान्यात. दुपारपर्यंत येईल,” वैशालीवहिनी म्हणाल्या. “चरबी काढायला.”

“ओली बाळंतीण? बारा दिसांची?” मावशीनं कपाळाला हात लावला. “वहिनी, तुमी शिकल्या-सवरल्याली मानसं!”

वैशालीवहिनींना ते लागलं. लेकीनं आरशासमोरून जाताना मान वळवून घ्यायची, नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला की कॅमेरा बाळावर धरून स्वतः बाजूला सरायचं, हे त्या बारा दिवस बघत होत्या. जावई समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. तो यायचा तो थेट सव्वा महिना झाल्यावर, बारशाला. ‘नवतनू’ची जाहिरात नेमकी तेच सांगत होती: सव्वा महिन्यात पहिल्यासारखी. शर्वरीनं ती शंभर वेळा पाहिली असेल.

शिकवायची खोड जाता जात नाही. वैशालीवहिनींनी मावशीला ओट्याशी नेलं, वाटीभर पाण्यात खोबरेल तेलाचे चार थेंब टाकले आणि चमच्यानं ढवळले. थेंब फुटले आणि पुन्हा एकमेकांना चिकटून मोठे झाले.

“पूर्वी नळी घालून चरबी शोषून घ्यायचे. त्या ओढाताणीत चरबीच्या पेशी फुटायच्या, बारीक शिरा तुटायच्या, आणि हे असं तेल रक्तात शिरायचं. थेंब फुप्फुसात जाऊन अडकायचे, काही मेंदूपर्यंत पोचायचे. फॅट एम्बोलिझम म्हणतात त्याला. दोन दिवस माणूस चांगलं हिंडतं-फिरतं आणि मग एकाएकी दम लागतो, भ्रम होतो. क्वचितच व्हायचं, पण झालं की वाईट.” मग त्यांनी वाटीत भांड्यांच्या साबणाचा एक थेंब सोडला आणि पुन्हा ढवळलं. तेलाचे बारीक बारीक कण झाले आणि तसेच वेगवेगळे राहिले. “आता हे बघा. ‘नवतनू’वाले चरबी पातळ करतात आणि तिच्या प्रत्येक कणाला असं कवच चढवतात. थोडी नळीनं काढतात, बाकीची रक्तातूनच जाऊ देतात. कवच असल्यामुळे कण कुठे अडकत नाही. फुप्फुसातूनही निसटतो, फिरत फिरत यकृतात जातो आणि तिथे जळतो. चार आठवड्यांत सगळं साफ.”

“आन् कवच निघालं तर?”

“निघत नाही, अलकाबाई.”

 नंतर वाटी मावशीनंच विसळली, आणि तेलकट पाणी मोरीत ओतताना तिला उगीचच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी शर्वरी बाजेवर बसलेली होती. कमरेशी दोन टिकल्यांएवढ्या पट्ट्या, बाकी अंगावर ओरखडा नाही. उजव्या कानशिलावर मात्र अंगठ्याच्या नखाएवढी काळी पट्टी चिकटवलेली. उशाशी फोन होता आणि फोनमधून आवाज येत होता. चिट्. मग बराच वेळ काही नाही. मग चिट्, चिट्.

“चिमणी शिरली का काय खोलीत?” मावशीनं वर बघितलं.

शर्वरी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. “माझी चरबी आहे ती, मावशी. ही पट्टी आत आवाजाच्या लाटा सोडते. आपल्याला ऐकू येत नाहीत त्या. डोक्यातल्या शिरेतून कण गेला की लाट त्याच्यावर आपटून परत येते आणि फोन तिची चिवचिव करतो. एक चिवचिव म्हणजे एक कण गेला. पट्टी कण मोजते. हिरवा दिवा आहे तोवर सगळं ठीक.”

आपल्याच डोक्यातून आपलीच चरबी जाताना ऐकायची! मावशीनं पदर खोचला. तिनं बाजेखाली शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा-शेपा टाकला आणि तेल कोमट केलं.

दवाखान्यानं शर्वरीला हजार गोष्टी विचारल्या होत्या. काय खाता, किती चालता, कुठल्या कुशीवर झोपता. मालिश आणि शेक करता का, हे कुणी विचारलं नाही. ती पद्धत ज्यांनी शोधली त्यांच्या देशात बाळंतिणीचं अंग रोज तासभर रगडायला कुणी येत नसावं. आणि इकडून कुणी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही. आपण दात घासतो हे आपण डॉक्टरला आवर्जून सांगत नाही, तसंच ते.

मावशीनं पोटऱ्यांपासून सुरुवात केली. तिचं मालिश म्हणजे कुरवाळणं नव्हे. गुडघ्यावर बसून सगळा भार तळव्यात घ्यायचा आणि मांडी खालून वर रगडत न्यायची. पाळण्यात मुलगी नेहमीसारखी टाहो फोडत होती. मावशी मांड्यांपर्यंत पोचली आणि फोनमधली चिवचिव वाढली. चिट् चिट् चिट् चिट्, झाडावर संध्याकाळी उठते तशी. फोन बाईच्या गोड आवाजात म्हणाला, “शाब्बास, शर्वरी! तुमचा वेग वाढला आहे.”

आणि मुलगी गप्प झाली.

वैशालीवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. तिघींनी पाळण्याकडे बघितलं. मुलगी डोळे उघडे ठेवून, मान आईच्या दिशेला वळवून ऐकत होती. चिवचिव चालू राहिली तशा पापण्या जड झाल्या, मूठ उघडली आणि ती झोपली. चार तास झोपली. वैशालीवहिनींचा जीव भांड्यात पडला. शर्वरीला तर रडूच आलं. “माझ्या आवाजानं झोपली,” ती म्हणाली. “मावशी, माझ्या आतल्या आवाजानं.”

पुढचे दोन दिवस घरात सण असल्यासारखे गेले. मावशी सकाळी यायची, मालिश सुरू झालं की चिवचिव उसळायची आणि मुलगी झोपायची. मुलगी आता दूध पितानाही मध्येच थांबायची आणि आईच्या कानशिलाकडे टक लावून बघायची. फोनचा आवाज उशाशी, आणि ही बघायची कानशिलाकडे. तिला कसं कळलं, हे मावशीला कधीच उमगलं नाही.

“अलकाबाई, अजून थोडं दाबा हो,” वैशालीवहिनी दारातून म्हणायच्या. “आज चाळवलीय जरा ती.”

तिसऱ्या दिवशी मावशीनं एक गंमत करून पाहिली, निदान तिला आधी ती गंमत वाटली. हात थांबवले. चिवचिव मंदावली. मग तिनं डावी मांडी एकदाच, जोर लावून वर रगडली आणि मनात मोजू लागली. एक, दोन, तीन... दहाला शर्वरीच्या कानशिलावरून आवाजांचा घोसच्या घोस गेला. पुन्हा थांबली, पुन्हा दाबलं. पुन्हा दहाला. उजवी मांडी दाबली, तरी तेच. म्हणजे तिच्या तळव्याखालची चरबी दहा आकडे मोजेस्तोवर पोरीच्या डोक्यात पोचत होती. इतकी वर्षं ती अंगातला शीण बाहेर काढत आली होती. आज पहिल्यांदाच आपले हात काहीतरी आत ढकलताहेत असं तिला वाटलं.

तिनं ऐकायला कान दिला तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आवाज पहिल्या दिवसासारखा राहिला नव्हता. तेव्हाची चिट् बारीक, टोकदार होती. आता मधूनच एखादा आवाज जाडा यायचा, लांबायचा, कण्हल्यासारखा. असे जाडे आवाज वाढत होते आणि एकूण आवाज कमी होत होते.

“वहिनी, आवाज बदललाय.”

वैशालीवहिनींनी फोन पाहिला. “संख्या कमी झालीय. म्हणजे चरबी संपत आली. दिवा हिरवाच आहे.”

पट्टी फक्त कण मोजत होती. चार कणांची कवचं शेकानं आणि दाबानं फाटली आणि त्यांचा मिळून एक मोठा थेंब झाला, तर पट्टीच्या हिशेबी तीन कण कमी झाले होते. फोन पुन्हा शाब्बास म्हणाला.

चौथ्या दिवशी शर्वरीनं मावशीला विचारलं, “आज चार हातांनी का करताय?”

“काय म्हनालीस पोरी?”

“दोन पायाला लागतायत आणि दोन डोक्याच्या आतून.” ती हे अगदी सहज, चहात साखर जास्त झाली म्हणावं तसं बोलली. मग पाळण्याकडे बघून म्हणाली, “हे कुणाचं बाळ आणून ठेवलंय? छान आहे.”

वैशालीवहिनी स्वयंपाकघरातून हसून म्हणाल्या, “झोप नाही हो तिला, बरळतेय.” पण मावशी हसली नाही. तिनं हात लावण्याआधी पदर सारला, तर शर्वरीच्या छातीवर आणि काखेत लाल ठिपके होते, सुईनं टोचल्यासारखे बारीक.

“घामोळं आहे. तुमच्या शेगडीनं उठलंय,” वैशालीवहिनी जवळ येऊन म्हणाल्या.

मावशीनं तळवा फिरवला. घामोळं हाताला लागतं, खरखरतं. सहाशे बाळंतिणींची घामोळी तिच्या हाताखालून गेली होती. हे ठिपके हाताला लागत नव्हते. कातडी मऊ होती आणि लाल रंग कातडीच्या आत होता. तिनं बोटानं दाबून पाहिलं, तरी तो फिका होईना.

“हे घामोळं न्हाई, वहिनी. पोरीला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता.”

“दिवा हिरवा आहे, अलकाबाई.”

“दिवा गेला खड्ड्यात! मी दाबते आन् तिच्या डोक्यात आवाज होतो. मोजून बघितलंय मी. हे मी करतेय, वहिनी, ह्या हातांनी. आता मी तिला हात लावनार न्हाई.”

हे बोलायला तिला किती जड गेलं, हे तिचं तिलाच ठाऊक. अलकाबाईंच्या हातानं बाळंतीण बिघडली, एवढं एक वाक्य विश्रामबागेत फिरलं असतं तर तिला कुणी उंबऱ्यात उभं केलं नसतं. वैशालीवहिनींचा चेहरा पडला. त्यांनी ‘नवतनू’ला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की सगळे आकडे उत्तम आहेत, रुग्णानं विश्रांती घ्यावी. आकडे म्हटल्यावर वैशालीवहिनींना धीर आला. जन्मभर त्यांनी आकड्यांवरच विश्वास ठेवला होता.

मावशी तेलाची बाटली उचलून घरी गेली खरी, पण दिवसभर तिला घास गोड लागला नाही. आपण तिथून हलायलाच नको होतं, हे तिला संध्याकाळपर्यंत पुरतं कळून चुकलं होतं.

सकाळी उजाडताच ती निघाली. सबनिसांच्या फाटकापाशी आली आणि जागच्या जागी थबकली. आतून चिवचिव येत होती. चिवचिव तरी कसली, घोगरे, ओढलेले आवाज, एकामागून एक. बाळाचा आवाज मात्र अजिबात नव्हता.

दार उघडंच होतं. वैशालीवहिनी बाजेवर गुडघे टेकून, घामाघूम होऊन लेकीची मांडी रगडत होत्या. केस सुटलेले, डोळे तारवटलेले.

“रात्रभर रडली हो पोर,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “शर्वरीच म्हणाली, आई तू दाब. आत्ता कुठे झोपलीय.”

शर्वरी डोळे उघडे ठेवून पडली होती. ओठ निळसर झाले होते. श्वास इतका वरचेवर चालला होता की छातीवरचे लाल ठिपके थरथरताना दिसत होते. डोळ्यांच्या पांढऱ्यातही आता तसलेच ठिपके आले होते. उशाशी हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

मावशीनं वैशालीवहिनींचे हात धरून ओढले. त्या सोडेनात, तेव्हा तिनं त्यांना चक्क बाजेवरून खाली ढकललं आणि फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. आवाज थांबले तशी मुलगी दचकून जागी झाली आणि तिनं किंकाळी फोडली.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात शर्वरीला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. तरुण डॉक्टर मुजावर बाहेर आले ते हातात तक्ता घेऊन. “फुप्फुसात आणि मेंदूत चरबीचे थेंब अडकलेत. ते विरघळवायचं औषध नाही. प्राणवायू देत राहायचा, आणि शरीरानं स्वतः सावरेपर्यंत तिला जगवायचं. पण मला एक कोडं पडलंय. ह्या पद्धतीत कवच असं फाटत नाही. पडली होती का? कुणी जोरानं दाबलं होतं? शेकलं होतं?”

वैशालीवहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. 

“मी,” मावशी म्हणाली. “मी बाळंतिणींना मालिश करते. रोज तासभर दाबलं. शेगडी पन दिली.”

 डॉक्टर ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, “आमच्या घरीही येतात मालिशवाल्या. मला हे सुचायला हवं होतं.” मग त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ‘नवतनू’च्या मुख्य कचेरीला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला: महाराष्ट्रात आत्ता किती बाळंतिणींच्या कानशिलावर ही पट्टी आहे? उत्तर ऐकून त्यांनी भिंतीला हात टेकला. मावशीच्या डोळ्यांपुढे घराघरांतल्या बाजा आल्या, त्यांच्यावर वाकलेल्या तिच्यासारख्या बाया आल्या, आणि उशाउशांशी शाब्बास म्हणणारे फोन. दुपारपर्यंत सगळ्यांना निरोप गेले. दोन घरी ते उशिरा पोचले.

शर्वरी वाचली. अकराव्या दिवशी यंत्र निघालं, विसाव्या दिवशी ती घरी आली. जावई धावत आला होता, यंत्र निघाल्यावर पुन्हा समुद्रावर गेला; बारसं पुढे ढकललं. डावा हात मंद झाला होता, आणि बोलता बोलता एखादा साधा शब्द सापडेना की ती हवेत बोटं हलवत बसायची. पण मुलीला तिनं ओळखलं. नावानं नव्हे, नाव अजून ठेवायचं होतं. नुसतं बघितलं आणि हात पुढे केले.

मुलगी मात्र तिच्याकडे जाईना. वीस दिवस ती कुणाकडेच धड झोपली नव्हती. अंगाई झाली, झोळी झाली. चिमण्यांचे आवाज रेकॉर्ड करून लावले, तर ती जास्तच पिसाळली. डोळे खोल गेले, वजन घटलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हिला काही झालेलं नाही, सवय मोडायला वेळ लागेल. वैशालीवहिनी आता लेकीला हात लावायलाही घाबरायच्या. मावशीला त्यांनी स्वतः जाऊन बोलावून आणलं. मालिशला नव्हे. “नुसत्या बसायला या,” म्हणाल्या.

त्या दिवशी दुपारी वैशालीवहिनी औषधं आणायला बाहेर गेल्या होत्या. मावशी खोलीत आली तर शर्वरी बाजेवर भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर आक्रोश करणारी मुलगी. आणि कानशिलावर काळी पट्टी.

“ही कुठनं आनलीस?”

“कपाटात... एक जास्तीची होती.” शर्वरी शब्द वेचत बोलत होती. “ऐका. अजून आहे. थोडी.”

फोनमधून फार वेळानं एक बारीक चिट् आली. मुलगी क्षणभर थांबली. शर्वरीनं मावशीचा हात धरला.

“डाव्या मांडीत आहे, मावशी. एकदाच दाबा. हळू. तिला... तिला एक तास झोपू दे. मला काही होणार नाही.”

“न्हाई.”

“तुम्हाला दाबता येतं बरोबर. आईला नाही येत. म्हणून तेव्हा झालं ते.”

 मावशीच्या हातांची एवढी तारीफ आजवर कुणी केली नव्हती आणि एवढी भीतीही तिला कधी वाटली नव्हती. तिनं कानशिलावरची पट्टी काढायला हात पुढे केला, तर शर्वरीनं मान मागे घेतली. तिच्याशी झोंबायला नको म्हणून मावशीनं मुलीला उचललं, खिडकीशी जाऊन पाय पसरून खाली बसली, तिला पालथं पायांवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवू लागली. “रड बाई, रड,” ती म्हणाली. “रडून घे. रडून कुनी मरत न्हाई.” मुलगी हातपाय झाडत रडत होती. आवाज बसला होता, तरी रडत होती.

आणि मध्येच, श्वास घ्यावा तितक्या सहज, ती थांबली. मान उचलून तिनं मागे, बाजेकडे बघितलं. घामेजलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. जन्मल्यापासूनचं पहिलं हसू.

मावशीला अजून काही ऐकू आलं नव्हतं. मग ऐकू आलं.

तिनं मागे वळून पाहिलं. शर्वरी आपल्या मंद डाव्या हातावर उजवा हात ठेवून, दात-ओठ खात, स्वतःची मांडी गुडघ्याकडून वर रगडत होती. दाबायची आणि लेकीच्या तोंडाकडे बघून मोजायची. ओठ हलताना दिसत होते. आठ, नऊ, दहा.

मुलीला सतरंजीवर ठेवून मावशी धावली. तिनं शर्वरीचे दोन्ही हात मनगटात पकडले आणि छातीशी आवळून धरले. शर्वरीनं धडपड केली, चावली, मग तिच्या खांद्यावर डोकं टाकून हमसून हमसून रडू लागली. कानशिलावरचे आवाज विरळ होत होत थांबले. खाली सतरंजीवरची मुलगी थोडा वेळ वाट बघत राहिली आणि मग तिनंही पुन्हा टाहो फोडला.

दोघी जणी रडत होत्या. मावशीही रडत होती. पण वैशालीवहिनी येऊन कडी वाजेपर्यंत तिनं ते हात सोडले नाहीत, आणि मुलीकडे वळूनही पाहिलं नाही.